बहिणीची तक्रार तिच्याच खुणांनी नोंदवताना

माझी धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे. लग्न होऊन ती दुसऱ्या तालुक्यात गेली. तिचं आमच्याशी बोलणं म्हणजे व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल. काही महिन्यांनी ते कॉल अचानक थांबले. मोबाइल पाण्यात पडला, असं जावईबापूंनी कळवलं. भाऊ भेटायला गेला तेव्हा तिच्या कानात मशीनही नव्हतं. ते दुरुस्तीला दिलंय म्हणाले. सासू शेवटपर्यंत शेजारून हलली नाही. निघताना दारात बहिणीने भावाला घाईघाईत दोनच खुणा केल्या. वस्तू काढून घेतल्या, आणि मारतात.

ऐकू येणाऱ्या बाईचा फोन काढून घेतला तरी ती खिडकीतून शेजारणीला हाक मारू शकते. माझ्या बहिणीकडून फोन आणि मशीन काढून घेणं म्हणजे तिचं तोंड बांधणं होतं. पुढच्या सगळ्या धावपळीत मी हे वाक्य किती टेबलांसमोर म्हटलं असेन, याचा हिशोब नाही.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार सभ्यपणे बोलले, पण त्यांचं म्हणणं एकच : बाईला घेऊन या, नाहीतर तिच्याकडून लिहून आणा. घरातून बाहेर पडू न शकणारी बाई कशी आणायची? आणि लिहून? ती शाळेत शिकली आहे, सही करते, मेसेज टाकते. पण तिची पहिली भाषा खुणांची आहे, मराठी नंतरची. तिच्या लिहिण्यात विभक्ती प्रत्यय गळतात. कोणी कोणाला मारलं हे तिच्या वाक्यातून उलटंही वाचता येतं. तसा कागद तक्रार म्हणून दाखल झाला असता, तर समोरच्या वकिलाने तोच तिच्यावर उलटवला असता.

181 या महिला हेल्पलाइनवर मी फोन केला. तिथल्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून दिलं. ही केंद्रं 2015 पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेतली आहेत. वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलीस, वकील आणि थोड्या दिवसांचा निवारा, हे सगळं एका छताखाली मिळावं यासाठी. पण बहीण केंद्रापर्यंत पोहोचायची कशी, हा प्रश्न तसाच होता.

वाट दाखवली ती बहिणीला शाळेत शिकवलेल्या बाईंनी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 7 त्यांना माहीत होतं. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झाला आहे, होतो आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला सकारण वाटतं, असा कोणीही माणूस कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. पीडितेने स्वतः येण्याची अट नाही. आणि कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा तहसीलदार! सातबारा आणि दाखल्यांसाठी आपण ज्या कार्यालयात उभे राहतो, तिथे एखाद्या बाईला बाहेर काढण्याचा आदेश मिळू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर आवक-जावक टेबलावरच्या लिपिकालाही ठाऊक नव्हतं. ‘हे पोलिसांचं काम’ म्हणून त्यांनी अर्ज परत दिला. मी कलमाची मराठी प्रत जोडली, पोच मागितली आणि तहसीलदारांना भेटल्याशिवाय हलले नाही. त्यांनी कलम दोनदा वाचलं, पोलीस निरीक्षकांना फोन लावला, आणि संरक्षण अधिकाऱ्यांना (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) सोबत घेऊन जाण्याचं लेखी पत्र काढलं.

सासरी गेलेल्या गाडीत महिला पोलीस, संरक्षण अधिकारी आणि शाळेतल्या बाई होत्या. आम्ही घरचे मुद्दाम मागे थांबलो. बाईंनी बहिणीला वेगळ्या खोलीत नेलं, दार लावलं आणि फक्त तिलाच विचारलं, तुला इथून यायचं आहे का? तिने हो म्हटलं तेव्हाच पुढची पावलं पडली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दिव्यांग बाईला ‘सोडवून आणायला’ निघालेली माणसं पुष्कळदा तिला विचारायचंच विसरतात. मशीन कपाटात सापडलं, आतली बॅटरी काढलेली होती. पंचनाम्यात त्याची नोंद झाली. आधार कार्ड, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), बँकेचं पासबुक सोबत घेतलं. ही कागदपत्रं मागे राहिली तर पुढे दर पावलाला अडतं, म्हणून ती त्याच वेळी मागून घ्यावीत.

सखी केंद्रातला तो दिवस मी विसरणार नाही. केंद्राच्या प्रशासक मॅडमनी पीएसआय मॅडम, संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील आणि दुभाषी अशा सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलं होतं. नाहीतर प्रत्येक कार्यालयात तीच कहाणी पुन्हा, दर वेळी वेगळ्या माणसाच्या तोंडून, आणि दर वेळी थोडी वेगळी. मग कोर्टात विचारतात, तुमच्या जबाबात विसंगती का?

मी सवयीने बहिणीच्या शेजारी बसायला गेले. लहानपणापासून तिचं म्हणणं लोकांना मीच सांगत आले आहे. दुभाषी ताईंनी मला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. घरच्यांसमोर बाई काही गोष्टी सांगत नाही, आणि घरच्यांनी केलेलं भाषांतर कोर्टात टिकवणं अवघड जातं, असं त्या म्हणाल्या.

आत काय कसं झालं ते बहिणीने नंतर सांगितलं, आणि तिच्या परवानगीने इथे लिहिते, कारण ही माहिती कुठल्या पत्रकात मिळत नाही. प्रश्न विचारणाऱ्या पीएसआय मॅडम आणि दुभाषी शेजारी शेजारी बसल्या, म्हणजे बहिणीला दोघींचे चेहरे एकदम दिसत होते. त्यांच्या पाठीमागे खिडकी नव्हती. पाठीमागून उजेड आला तर चेहरा काळा दिसतो आणि ओठ, हात काहीच वाचता येत नाही. मॅडम दुभाषीकडे न बघता बहिणीकडे बघून बोलल्या. एका वेळी एक प्रश्न. दुभाषींना येणाऱ्या प्रमाण सांकेतिक भाषेत आणि बहिणीच्या घरगुती खुणांत फरक होता, म्हणून एका कर्णबधिर ताईंनाही सोबत बसवलं होतं. बहिणीच्या खुणा त्या उचलायच्या आणि दुभाषीला पोचवायच्या. ‘कधी’ या प्रश्नासाठी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. गणपती आधी की नंतर, नणंद माहेरी आली होती तेव्हा की नाही, अशा आधारांनी तारखा लागत गेल्या. कुठे काय घडलं, हे तिने घराचा नकाशा काढून दाखवलं. सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण झालं. खुणांचा जबाब कागदावर उतरला की खुणा नाहीशा होतात. पुढे वाद झाला तर ती नेमकं काय म्हणाली हे तपासायला चित्रीकरणच उरतं.

त्या खोलीत तिने आम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. दीर रात्री तिच्या खोलीत येऊन अंगाला हात लावत होता. नवरा रात्रपाळीला असायचा. तिला दार वाजलेलं ऐकू येत नसे, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. आईला आणि मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली होती. मी शेजारी असते, तर ती तिथेही गप्पच राहिली असती.

इथून प्रकरणाचा कायदाच बदलला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास आणि खटल्यांच्या प्रक्रियेचा कायदा) कलम 173 प्रमाणे अशा गुन्ह्यात पीडिता दिव्यांग असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन माहिती नोंदवायची असते, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत, चित्रीकरणासह. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही 2013 पासून होती. म्हणजे ‘तिला ठाण्यात आणा’ हे म्हणणं अशा प्रकरणात चालतच नाही. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची कलमं 74 (विनयभंग) आणि 85 (नवरा किंवा सासरच्यांकडून छळ) लागली, आणि दिव्यांग कायद्याचं कलम 92. दिव्यांग व्यक्तीच्या सहायक साधनाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणणं हाही कलम 92 खाली गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत. कपाटात सापडलेलं मशीन आणि काढलेली बॅटरी इथे पुरावा झाली. हे कलम लावा असं वकील मॅडमनी सुचवलं. नाहीतर दिव्यांग कायदा म्हणजे सवलती आणि आरक्षण, अशीच बऱ्याच ठिकाणी समजूत असते.

पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला, पुन्हा दुभाषीसह आणि चित्रीकरणासह. दिव्यांग पीडितेचा हा जबाब खटल्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराने कोर्टात आधी सांगायची हकीकत, म्हणून धरला जातो, त्यामुळे तिला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागत नाही. समोरच्या वकिलाने प्रश्न विचारायची उलटतपासणी तेवढी होते.

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज वेगळा. 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल भरला. बाई सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टातही हा अर्ज चालतो, म्हणून तो आमच्याच तालुक्यात दाखल केला. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल तिथून पुढे 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो. आम्हाला त्याहून बराच वेळ लागला. अंतरिम आदेश मात्र लवकर मिळाला. सासरच्यांनी संपर्क करायचा नाही, स्त्रीधन आणि मोबाइल परत द्यायचा, दरमहा खर्च द्यायचा. वकिलाची फी द्यावी लागली नाही. महिला आणि दिव्यांग, दोघांनाही उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य आहे. दुभाषीचं मानधन कोणी द्यायचं यावर फाइल अडली होती, तेव्हा वकील मॅडमनी विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठपुरावा करून ते मंजूर करून घेतलं.

समोरच्या बाजूने अपेक्षित मुद्दा आलाच : हिला ऐकू येत नाही, हिला नीट समजत नाही, हिच्या सांगण्यावर किती विसंबायचं? आमच्या वकिलांनी पाटण जमाल वली प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 27 एप्रिल 2021 चा निकाल पुढे ठेवला. त्यातल्या अंध पीडितेने आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं. केवळ अपंगत्व आहे म्हणून साक्ष कमी वजनाची ठरत नाही, असं न्यायालयाने तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

केंद्रात आमच्या शेजारच्या खोलीत व्हीलचेअर वापरणारी एक बाई होती. तिचा त्रास वेगळाच. मारणारा नवराच तिला अंघोळ घालायचा, औषधं द्यायचा. तिथून निघाली तर रोजची मदत कोण करणार? एका निवाऱ्याने स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्याच महिला घेतो, असं सांगून तिला नाकारलं होतं. ते ऐकून माझा जीव कळवळला. ज्या बाईला मदतीची सर्वात जास्त गरज आहे तिलाच दार बंद करणारी अट कोणी लिहिली असेल?

मुंबईत 1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या शेजारी बसू लागल्या आणि हिंसेची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधार मिळाला. तोच विचार एक पाऊल पुढे न्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. सांकेतिक भाषेचे दुभाषी, विशेष शिक्षक, दिव्यांगांच्या संघटना यांची नावं ठाण्याच्या आणि सखी केंद्राच्या यादीत आधीपासून हवीत, मानधन आधीच ठरलेलं हवं. आमच्याकडे शाळेतल्या बाई होत्या. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी जवळच्या कर्णबधिर शाळेत किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण विभागात विचारावं.

या प्रकरणानंतर आमच्या ठाण्याने एक गोष्ट केली. महिला कक्षाचा व्हॉट्सॲप क्रमांक शाळेच्या पालकसभेत दिला आणि मेसेज किंवा व्हिडिओवर आलेली खबरही घ्यायची असं ठरवलं. शाळेतल्या बाई मोठ्या मुलींना तो वापरायला शिकवतात. बहीणही जाते तिथे, आपल्या भाषेत सांगायला.

खटला चालू आहे. पुढच्या तारखेला तिची उलटतपासणी आहे. साक्षीदाराला बोलता येत नसेल तर खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते, हे तिला वकिलांनी समजावलं आहे. त्याच दुभाषी आणि त्याच कर्णबधिर ताई हव्यात असा अर्ज तिने स्वतःच्या सहीने दिला होता, तो मंजूर झाला आहे. दुभाषींना कुठे उभं करायचं हे बघायला गेल्या आठवड्यात ती वकिलांबरोबर कोर्टाची खोली पाहून आली. मी बाहेरच बसायचं, असं तिने मला सांगून ठेवलं आहे.