बंदूक त्याची, दुर्बीण माझी

आज एका शिकारी मित्रासोबत अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या मागे भटकलो. पाणवठ्यावर दबा धरायचा की नाही, हे तो पाण्याकडे नाही, पाल्याकडे बघून ठरवतो. पाऊस बरा झाला असेल तर हिरव्या, रसरशीत रानपाल्यातूनच त्यांची बरीचशी तहान भागते. मग पाणवठ्यावर बसून माश्या मारा. कोरड्या साली मात्र तिथेच बसावं. उन्हाळा सरताना माळ वाळला की कळप लसूणघासाच्या शेतांकडे सरकतात, म्हणजे आधी शेतमालकाची परवानगी काढणं आलं.

हिवाळ्यात भिस्त सेजब्रशवर. उग्र वासाचं, कडवट झुडूप, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. हे पठ्ठे त्यावरच थंडी काढतात. त्यामुळे तेव्हा वाऱ्याने बर्फ उडून ही झुडपं उघडी पडलेले उंचवटे धुंडाळायचे. (गवताळ माळावर राहून गवत मात्र कमीच खातात. आणि जिवंत प्राण्यांत यांचं सगळ्यात जवळचं नातं म्हणे जिराफ आणि त्याचा आफ्रिकी भाऊबंद ओकापी यांच्याशी!)

एवढा वाऱ्यासारखा पळणारा प्राणी, पण कुंपणावरून सहसा उडी मारत नाही. आजचा कळपही तारेखालून सरपटत परवानगी नसलेल्या शेतात शिरला. मित्र वैतागला. मी मनातून खूश.