जाळी काढायची की ठेवायची?

जुन्या स्कूटरवाल्यांत दोन पंथ आहेत, एअर फिल्टरची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारी जाळी ठेवणारे जाळीवाले आणि ती काढून टाकणारे बिनजाळीवाले. चार जुन्या चेतक कुठेही शेजारीशेजारी उभ्या राहिल्या की अ‍ॅव्हरेज, ऑइल, हेडलाइटचा मिणमिणता उजेड हे विषय भराभर उरकतात आणि गप्पा एअर फिल्टरवर येऊन अडतात. मग आवाज चढतात. ज्याने फिल्टर काढून टाकलाय तो समोरच्याकडे कीव आल्यासारखं बघतो. ज्याने ठेवलाय तो एवढंच म्हणतो, "पावसाळ्यानंतर भेटू."

मी जाळीवाला. पण दुसऱ्या बाजूला काहीच अर्थ नाही असं मला म्हणवत नाही. फिल्टर काढून स्कूटर एकदा चालवून बघाच. रेस पिळली की सीटखालून असा काही घोगरा, खोल आवाज येतो की चाळिशीच्या स्पीडला साठ वाटतात. खरा पिकअप किती वाढला हे विचारू नये. ज्याने काढलाय त्याला वाढलेला दिसतो, एवढं पुरे. ज्याची जाळी वर्षानुवर्षं धुतलेलीच नाही, त्याला तर फरक खरंच जाणवतो, कारण त्याचं इंजिन इतके दिवस गुदमरतच होतं. मात्र तिथे रॉकेलाचा किंवा पेट्रोलचा एक वाडगा आणि जुना टूथब्रश एवढ्यावर काम भागलं असतं.

आता थोडं गणित, कारण या वादात गणित कोणीच करत नाही. चेतकच्या सिलिंडरचा व्यास 57 मिलिमीटर, पिस्टनची धावही 57, म्हणजे साधारण 145 सीसी. टू-स्ट्रोक असल्याने प्रत्येक फेऱ्याला एक घोट. मिनिटाला चार हजार फेरे धरले तर 580 लिटर हवा, तासाला जवळजवळ पस्तीस हजार लिटर. हा कागदावरचा हिशोब, प्रत्यक्षात घोट पुरता भरत नाही. तरी दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर. पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने तासभर निघालात, तर स्कूटरने एका खोलीभर हवा सहज ओढलेली असते. ती हवा कुठली? पुढच्या डंपरच्या मागची, खोदून ठेवलेल्या रस्त्याची, वाघोलीकडे राहत असाल तर खडी क्रशरची.

फोर-स्ट्रोक गाडीत ही धूळ सिलिंडरमध्ये जाते, तेवढंही वाईटच. टू-स्ट्रोकमध्ये ती आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनला जोडलेला क्रँक ज्या पेटीत फिरतो तिथे उतरते, क्रँकच्या बेअरिंगांवरून, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकावरून फिरते आणि मग वर जाते. तिथे वंगण म्हणून वेगळं ऑइल साठवलेलं नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टूटी (2T) ऑइल तेवढं. त्या ऑइलात काळ्या दगडाची भुकटी मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखा लगदा तयार होतो, आणि आपण तो स्वतःच्या पैशाने इंजिनाला पाजत असतो.

चेतकची आणखी एक नाजूक गोष्ट आहे. तिच्यात हवा आत सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह नाही. क्रँकचीच गोल बाजू केसिंगमधल्या एका घासून गुळगुळीत केलेल्या पट्टीसमोरून फिरते आणि दार उघडझाप करते. दोघांत केसभरही फट नसते. त्या पट्टीवर ओरखडे पडले की दार नीट लागत नाही, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून पेट्रोल उलटं थुंकायला लागतं, सकाळी किक मारून पाय दुखतो. पिस्टन-रिंगा बदलता येतात, ब्लॉक बोर करता येतो. केसिंगवरची ती पट्टी गेली की मिस्त्री आधी मान हलवतो आणि मग आकडा सांगतो.

चेतक मुळात इटलीच्या व्हेस्पा स्कूटरच्या घराण्यातली. 1946 साली ती ज्याने बनवली तो कोर्रादिनो द'अस्कानियो विमानांचा इंजिनिअर होता, मोटरसायकल त्याला आवडत नसे. त्याच घराण्यातल्या आपल्या चेतकला, म्हणजे आकुर्डीहून 1972 पासून निघालेल्या गाडीला, हवा थेट चाकाजवळून घ्यावी लागत नाही. ती बॉडीच्या पोकळीतून, सीटखालून, एका रबरी बेलोमधून, म्हणजे घड्यांच्या नळीतून, कार्बोरेटरच्या डब्यात येते. म्हणजे धुळीपासून पहिला बचाव पत्र्यानेच केलेला. मौज अशी की फिल्टरवरून तावातावाने भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गाडीत ही बेलो फाटून लोंबत असते आणि कोणी वाकून बघितलेलं नसतं.

बिनजाळीवाल्यांचा खरा घोटाळा धुळीच्याही आधी होतो. फिल्टर काढला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. पेट्रोल किती जायचं ते कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे बारीक भोकाची तोटी, ठरवते. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाच्या व्यासाचे मिलिमीटरचे शंभरावे भाग. 100 नंबरचं जेट म्हणजे बरोबर 1 मिलिमीटरचं भोक. फिल्टर काढलात तर मोठ्या नंबरचं जेट टाकायला हवं, मग प्लग काढून रंग बघायला हवा. कॉफीसारखा तपकिरी आला तर ठीक, पांढरा पडला तर धोका. हे न करता खंबाटकी घाट चढायला घेतला, तर पेट्रोल कमी, म्हणून त्यातून येणारं ऑइलही कमी, आणि उष्णता जास्त. पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो, मागचं चाक लॉक होतं. अशा वेळी हात क्लचवर असला तर नशीब. आणि जेट वाढवलंत तर शंभरी पार केलेलं पेट्रोल आणखी जास्त प्यायला घालायचं. कशासाठी, तर आवाजासाठी.

इंग्लंडात जुन्या लॅम्ब्रेटा स्कूटरच्या शर्यती होतात, तिथे फिल्टरऐवजी नुसतं कर्ण्यासारखं तोंड लावलेलं इंजिन दिसतं. हा दाखला आपल्याकडे फार दिला जातो. पण ते इंजिन शर्यतीसाठी बांधलेलं असतं, स्वच्छ ट्रॅकवर धावतं आणि पुन्हापुन्हा उघडलं जातं. आपल्याला त्याच गाडीवर भाजी आणायची आहे.

मधला एक मार्ग आहे आणि तो मला पटतो. जाळी ठेवायची, फक्त तिच्या डब्याला आतल्या जेटच्या बरोबर वर छोटी भोकं पाडायची. जेटना सरळ हवा मिळते, बाकीची हवा जाळीतूनच जाते. इथेही प्लगचा रंग बघायचाच. भोक पाडताना डबा गाडीवरून उतरवून घ्या, ड्रिलचा कीस कार्बोरेटरमध्ये पडला तर धुळीला नावं ठेवायचं कारण उरणार नाही.

नवी विजेवरची चेतक आली आणि तिच्यात कार्बोरेटरही नाही, फिल्टरही नाही, म्हणजे भांडायलाही काही नाही. बिचाऱ्यांनी रविवारी कोणत्या विषयावर चहा प्यायचा?

आमच्या मिस्त्रीचा मात्र या वादात पक्ष नाही. फिल्टर काढून द्या म्हणणाऱ्याला तो "साहेब, कशाला?" असं एकदाच विचारतो आणि काढून देतो. काढलेल्या जाळ्या पेट्रोलमध्ये धुऊन, हवा मारून, एका पत्र्याच्या डब्यात ठेवतो. त्या कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. "तुमच्यासारख्यांसाठी," तो म्हणाला, "ओरिजिनल माल आहे, त्याचे पैसे वेगळे."