दोन हायड्रोजन कमी पडले तेव्हा

स्मरणिकेसाठी काय लिहायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी हायड्रोकार्बनचं (म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांचं) भंजन, म्हणजे मोठे रेणू तापवून तोडणं, आणि बहुवारिकं, म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्या, ही दोन प्रकरणं ज्या पद्धतीने शिकवली, त्यावर माझं आजवरचं काम उभं आहे.

सरांनी फळ्यावर डेकेन लिहिलं. कार्बन १०, हायड्रोजन २२. म्हणाले, "हा रेणू तापवून तोडा. एक तुकडा आठ कार्बनचा, एक दोनचा. आता हायड्रोजन वाटा." आम्ही वाटायला बसलो. ऑक्टेनला १८ हवेत, इथेनला ६, म्हणजे एकूण २४. हाताशी तर २२च! सर गप्प उभे राहिले, त्यांनी आम्हाला डोकं चालवू दिलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दोन कार्बननी एकमेकांनाच आणखी एकदा धरायचं." दुहेरी बंध असा वर्गात अवतरला. दोन कार्बनचं इथीन आणि त्याच्या पाठोपाठ दुहेरी बंधाची सगळी हायड्रोकार्बनं, म्हणजे अल्कीनं, आम्हाला कधी पाठ करावी लागलीच नाहीत.

मग प्रयोग. कठीण काचेच्या नळीच्या बंद टोकाशी द्रव पॅराफिनमध्ये भिजवलेली खनिज लोकर, मध्ये चिनी मातीचे तुकडे, आणि ज्योत त्या तुकड्यांवर. वाफ तापलेल्या तुकड्यांवरून जाताना तुटते आणि वायू पाण्यावर परीक्षानळीत जमतो. पहिली नळी सर सोडून द्यायचे, कारण तिच्यात बहुतेक हवाच असते. पुढच्या नळीत नारिंगी ब्रोमीनचं पाणी घालून हलवलं की रंग पाहता पाहता नाहीसा व्हायचा, कारण दुहेरी बंध ब्रोमीनला जोडून घेतो. शेजारी तेच पाणी मूळ पॅराफिनबरोबर हलवून दाखवायचे. तिथे रंग जात नसे. ही तुलना त्यांनी कधीच गाळली नाही, आणि माझ्या मते प्रयोगाचा जीव तिच्यातच आहे. ज्योत काढण्याआधी वायुवाहक नळी पाण्याबाहेर घ्यायची, हेही त्यांनी कारणासह शिकवलं: नळी निवली की आतला दाब उतरतो, गार पाणी मागे खेचलं जातं आणि तापलेली काच तडकते.

तोडून मिळवलेला तो दुहेरी बंध पुढे जोडायच्या कामी येतो. त्यातला एक बंध उघडला की इथीनचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले जातात. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट प्रचंड दाबाखाली इथीन आणि बेंझाल्डिहाइड यांची अभिक्रिया करू पाहत होते. हाती आला मेणासारखा पांढरा पदार्थ, म्हणजे पॉलिथिन. तो पुन्हा हमखास मिळेना. किंचित ऑक्सिजन असावा लागतो, हे पुढे उमगलं. १९५३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ झिग्लर यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांच्या साहाय्याने हेच काम कमी दाबावर केलं. या साखळ्यांना फाटे जवळजवळ नसतात, त्या दाटीने बसतात, म्हणून हे पॉलिथिन जास्त घट्ट आणि कडक असतं. झिग्लर आणि याच क्षेत्रात काम करणारे इटलीचे नाट्टा यांना १९६३ चं नोबेल मिळालं.

आज मी भंजनाच्या भट्टीवर काम करते. नॅफ्था (खनिज तेलापासून मिळणारा हलका द्रव) आणि पाण्याची वाफ साधारण ८५० अंश सेल्सिअसला नळ्यांतून सेकंदाच्याही अंशात निघून जातात आणि बाहेर येताच झटकन थंड केल्या जातात. उशीर झाला तर नुकती तयार झालेली अल्कीनं पुढे आपसांत अभिक्रिया करू लागतात, आणि नळ्यांत कोकचे, म्हणजे घट्ट कार्बनचे, थर चढण्याचा वेगही वाढतो.

सरांनी एक प्रश्न आमच्यावर सोपवला होता: साखळी पुन्हा तापवली तर सगळं इथीन परत मिळेल का? मिळत नाही. ॲक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्याचं बहुवारिक तापवलं की टोकाकडून एकेक एकवारिक, म्हणजे साखळीचा मूळ लहान रेणू, सुटत जातं आणि बरंचसं परत मिळतं. पॉलिथिनची साखळी मात्र कुठेही तुटते; वायू, तेल, मेण असं मिश्रण हाती येतं. ते तेल शुद्ध करून पुन्हा भट्टीत घालता येतं. फक्त त्यासाठी घेतलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यात पीव्हीसी मिसळलेलं नको, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि उपकरणांचा धातू खातो. सध्या माझा बहुतेक वेळ ते वेगळं काढण्याच्या कामातच जातो.