कूलर निवडण्यापूर्वी

घरी स्वतः संगणक जोडू पाहणारी मंडळी मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: "आवाज होऊ नये म्हणून कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारे उपकरण, कोणता घ्यावा?" प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कोणते घेणार आहात आणि त्यांच्याकडून काम काय करून घेणार आहात. ही टाळाटाळ वाटते, याची मला कल्पना आहे. पण संगणकाने ओढलेली वीज जवळपास सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, ती उष्णता बाहेर नेण्यासाठी हवा हलवावी लागते आणि हवा जितक्या घाईने हलवावी लागते तितका आवाज होतो. कूलरचे नाव पक्के होण्याच्या कितीतरी आधी, वॉटच्या आकड्यावरच आवाजाचा बराचसा निकाल लागलेला असतो.

हा हिशेब एकदा करून पाहावा, कारण तो सोपा आहे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे ३०० वॉट ओढणाऱ्या संगणकातून बाहेर पडणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा फक्त १० अंशांनी गरम असावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा कॅबिनेटमधून, म्हणजे संगणकाच्या पेटीतून, गेली पाहिजे. वीज दुप्पट झाली की हवाही दुप्पट लागते. याउलट बाहेर पडणारी हवा १५ अंशांनी गरम झालेली चालणार असेल, तर १७ लिटरमध्ये भागते. तापमान थोडे जास्त खपवून घेण्याची तयारी हीदेखील आवाज कमी करण्याची एक युक्ती आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही. प्रोसेसर ७५ अंशांवर चालला म्हणून बिघडत नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील वरचे प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जावेत अशाच बेताने बनवलेले आहेत.

आता पंख्यांकडे येऊ. पंख्याची गती निम्मी केली की हवा निम्मी होते, पण आवाज त्या मानाने खूपच जास्त उतरतो. ढोबळमानाने १५ डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजण्याचे एकक). तसाच दुसरा पंखा शेजारी लावल्यास आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजेच एक पंखा जोरात फिरवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या गतीने फिरवले तर हवा तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो, आणि १० डेसिबलची घट आपल्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते. १२० मिलिमीटरपेक्षा १४० मिलिमीटरचा पंखा बरा, एकापेक्षा दोन बरे, असे जे म्हटले जाते त्याचे कारण हे आहे. मात्र गती निम्मी केल्यावर पंख्याचा दाब चौथाईवर येतो, हे विसरून चालत नाही. दाट जाळी, बारीक फिल्टर किंवा बंद दर्शनी फळी यांच्याआड बसवलेला मंद पंखा नुसता फिरत राहतो; हवा पुढे सरकत नाही.

प्रोसेसर निवडताना डब्यावरचा वॉटचा आकडा अंतिम समजू नये. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरचा मूळ आकडा १२५ वॉटचा असला तरी टर्बोमध्ये, म्हणजे जादा वेगाने चालताना, त्याला २५३ वॉटपर्यंत मुभा आहे, आणि प्रोसेसर ज्यावर बसतो ते अनेक मदरबोर्ड ही मर्यादाही सैल सोडतात. एएमडीच्या ६५ वॉटच्या रायझनलाही प्रत्यक्षात ८८ वॉट ओढण्याची परवानगी असते. लेखन, हिशेब, छायाचित्रांचे संपादन, थोडेफार प्रोग्रॅमिंग एवढेच काम असेल तर ६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यावर मध्यम आकाराचा साधा टॉवर कूलर (धातूच्या पात्यांचा मनोरा आणि त्याला लावलेला पंखा) बसवला तरी पंख्याला धाप लागत नाही.

मोठा प्रोसेसर घ्यायचाच असेल तर त्याला लगाम घालता येतो. चिपने प्रत्यक्ष काम करताना खर्च केलेली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; तीच गती ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी करता आले, तर हा खर्च १९ टक्क्यांनी घटतो. निर्माते मात्र शेवटच्या काही टक्के वेगासाठी व्होल्टेज ताणून ठेवतात, कारण तुलनेच्या तक्त्यात तेवढाच फरक दिसतो. बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन विजेची मर्यादा खाली आणणे, किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर हेच करणारा तयार इको मोड सुरू करणे, हे दोन मिनिटांचे काम आहे. वेग थोडा कमी होतो, उष्णता पुष्कळ कमी होते. व्होल्टेज कमी करताना मात्र एकेक पायरी उतरावी आणि प्रत्येक पायरीवर संगणक भाराखाली स्थिर राहतो की नाही ते तपासावे.

हीच गोष्ट ग्राफिक्स कार्डाला जास्तच लागू पडते, कारण खेळ खेळणाऱ्या संगणकात सर्वांत मोठा आवाज बहुधा त्याचाच असतो आणि त्याचा कूलर सहसा आपल्याला बदलता येत नाही. एकाच चिपची वेगवेगळ्या बनावटीची कार्डे मिळतात. त्यांतले जाड हीटसिंकचे (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे), तीन पंख्यांचे आणि भार नसताना पंखे पूर्ण थांबवणारे कार्ड घ्यावे. नंतर त्याची विजेची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास आणून बसवावी आणि दर सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेमची, म्हणजे चित्रांची, संख्या मॉनिटर दाखवू शकेल तेवढीच ठेवावी. सेकंदाला साठच चित्रे दाखवणाऱ्या, म्हणजे साठ हर्ट्झच्या, मॉनिटरसाठी दोनशे फ्रेम तयार करून वाया घालवण्यात आणि त्यासाठी पंखे किंचाळवण्यात कोणाचे हित आहे, ते मला अद्याप समजलेले नाही.

एवढे झाल्यावर कूलरचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. टॉवर कूलरच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आतली हवा काढून घेऊन त्यांत थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते प्रोसेसरजवळच्या टोकाला सहज वाफ होते, वाफ कूलरच्या धातूच्या पात्यांच्या बाजूला जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा खाली झिरपत येते. ही ने-आण पूर्णपणे निःशब्द असते. म्हणूनच "पाण्याचा कूलर शांत असतो ना?" या पुढच्या प्रश्नाला मी सरसकट होकार देत नाही. पाणी फिरवणाऱ्या या लिक्विड कूलरमध्ये ते पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरवरचे पंखे असतातच, वर पंपाची एक अखंड घरघर येते, आणि संगणक रिकामा असताना नेमकी तीच ऐकू येते. दीर्घकाळ २०० वॉटहून अधिक भार राहणार असेल तर मोठ्या रेडिएटरचा उपयोग निश्चित होतो. त्याखाली मी टॉवरच सुचवतो. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने २०२१ मध्ये एनएच-पी१ हा पंख्याशिवायचा कूलरही काढला, पण ५०० आरपीएमने (मिनिटाला ५०० फेऱ्यांनी) फिरणारा चांगला १४० मिलिमीटरचा पंखा एक मीटरवरून जवळजवळ ऐकू येत नसल्याने, पंख्यावर पूर्ण बहिष्कार घालण्याचा हट्ट मला सहसा पटत नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टबद्दल एवढेच की दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा हटवणे हे तिचे काम आहे, आणि कोणतीही बरी पेस्ट ते करते.

कॅबिनेटच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एका पंथाला आतून जड अस्तर लावलेल्या बंद फळ्या आवडतात. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीची डिफाइन मालिका या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्याला समोर मोकळी जाळी हवी असते. हार्ड डिस्कची घरघर किंवा पत्र्याची थरथर दाबायची असेल तर अस्तर कामाला येते. ग्राफिक्स कार्ड २५० वॉट ओढणार असेल तर जाळी बरी, कारण तिच्यामुळे सगळेच पंखे संथ ठेवता येतात. जाळी पात्यांना अगदी चिकटून नसावी. हवा आत येण्याच्या बाजूला अडथळा जितका जवळ, तितका सूर कर्कश.

यापुढचे काम सेटिंगचे आहे आणि बहुतेक लोक तिथेच कंटाळतात. कानाला मोठ्या आवाजापेक्षा बदलता आवाज जास्त खुपतो. ब्राउझरची एक खिडकी उघडली की प्रोसेसरचे तापमान एका सेकंदात १५-२० अंशांनी उडी मारते, कारण चिप नखाएवढी आहे. त्याच वेळी तिच्यावरचे किलोभर धातूचे हीटसिंक जेमतेम कोमट झालेले असते. पंख्याने त्या उडीला प्रतिसाद देण्याची काहीही गरज नसते. म्हणून बायॉसमध्ये पंख्याची गती साधारण ६० अंशांपर्यंत सपाट ठेवावी, त्यापुढे ती हळूहळू चढू द्यावी आणि प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब लावावा. कॅबिनेटचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर चालवणे अधिक योग्य ठरते. मदरबोर्डाच्या बायॉसला ते तापमान सहसा दिसत नाही, पण विंडोजवर फॅन कंट्रोल नावाच्या प्रोग्रॅमने ते साधते. तीन पिनांचा पंखा असेल तर त्याची जोडणी बायॉसमध्ये डीसीवर (व्होल्टेज बदलून गती ठरवण्याच्या पद्धतीवर) ठेवावी, नाहीतर मदरबोर्ड त्याला चार पिनांचा, पीडब्ल्यूएम संकेतावर चालणारा पंखा समजतो आणि तो पूर्ण वेगाने फिरत राहतो. "नवा पंखा फारच आवाज करतो" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. शेवटी एकेक पंखा संथपणे वाढवत न्यावा. सात पात्यांचा पंखा ९०० आरपीएमवर १०५ हर्ट्झचा सूर काढतो आणि एखाद्या विशिष्ट गतीला कॅबिनेटचा पत्रा त्याला साथ देऊ लागतो. ती गती वगळावी.

पंखे शांत झाले की आधी झाकलेले आवाज वर येतात. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची १२० हर्ट्झची गुणगुण त्यांत पहिली. रोजच्या कामासाठी फिरणारा भाग नसलेली एसएसडी घ्यावी आणि मोठी साठवण दुसऱ्या खोलीत नेता आल्यास न्यावी. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, कार्यक्षम असावा: ९० टक्के कार्यक्षमतेच्या एसएमपीएसमधून ४०० वॉट घेतले तरी ४४ वॉट त्याच्यातच उष्णता होतात, आणि क्षमता भरपूर असलेल्या अनेक मॉडेलांचा पंखा कमी भाराला बंदच राहतो. उरते ती कॉइलची बारीक शीळ. ग्राफिक्स कार्डावरच्या वेटोळ्यांतून जाणारा प्रवाह ऐकू येण्याजोग्या वारंवारतेने बदलू लागला की वेटोळी थरथरतात. कोणताही कूलर यावर काही करू शकत नाही. फ्रेमवर मर्यादा घातल्याने ती बहुधा सौम्य होते, पण एकाच मॉडेलच्या दोन कार्डांतही फरक असतो. त्यामुळे नवे कार्ड बसवल्यावर पंखे सर्वांत कमी गतीवर ठेवून, एखादा जड खेळ चालवून ते नीट ऐकावे आणि शीळ असह्य असेल तर परत देण्याची मुदत संपण्यापूर्वी बदलून घ्यावे.