तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्याच्या खेळात जिंकतं कोण?

मागच्या मे महिन्यात सासरच्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या पाटावर बायकोच्या मावशी. मठ्ठ्याची वाटी खाली ठेवत त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुम्ही म्हणे बारीक बारीक शिपाई रंगवता आणि एकटेच लढाई खेळता. मग जिंकतं कोण?" तेवढ्यात जिलबीवाला आला, आग्रह सुरू झाला आणि उत्तर राहून गेलं. हाच प्रश्न ऑफिसात डबा खाताना विचारतात, वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात विचारतात, मुलीच्या मैत्रिणी तर घरात पाऊल टाकताच विचारतात. म्हणून मावशी, तुमच्या निमित्तानं सगळ्यांना एकदाच नीट सांगतो.

मी खेळतो ती असईची लढाई. २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ती झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्या दिवशी वेलस्लीच्या हाताशी कवायती फौज होती साडेचार हजारांच्या आसपास. शिंद्यांच्या कवायती पलटणींतच दहा हजारांवर माणूस होता, शिवाय शंभराच्या घरात तोफा आणि अफाट घोडदळ. तरी संध्याकाळी रण कंपनीच्या हातात राहिलं. का राहिलं, हे मला कळून घ्यायचं आहे. वाचून कळतं तेवढं कळलं. उरलेलं टेबलावर मांडून पाहतो.

माझे शिपाई पंधरा मिलिमीटरचे, धातूचे. चाळीस खऱ्या माणसांमागे एक, असा हिशेब धरला. म्हणजे कंपनीचे शंभर-सव्वाशे, शिंद्यांचे अडीचशेच्या वर, आणि वरून घोडेस्वार. दहा तोफांमागे एक तोफ. सगळे मिळून चारशेच्या पुढे गेले आणि त्यांना अडीच वर्षं लागली. पानिपत का नाही, असंही लोक विचारतात. पानिपत माझ्या घरात मावत नाही.

रंगवायचं म्हणजे काय, ते सांगतो. शिपाई आला की कानशीनं त्याच्या कडेचा धातूचा पापुद्रा काढायचा, भांड्यांच्या साबणानं धुवायचा, वाळवायचा. मग आइस्क्रीमच्या लाकडी काडीवर सहा-सहा जण फेविक्विकनं ओळीत चिकटवायचे, म्हणजे हातात धरायला मूठ मिळते. प्रायमरचा फवारा मारायचा. पुढचं सगळं शून्य नंबरच्या ब्रशनं. रंगाची बशी मी घरीच केली आहे: जुन्या डब्याचं झाकण, त्यात भांडी घासायचा ओला स्पंज, वर बटर पेपर. त्यावर ॲक्रिलिक रंग तासन् तास सुकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी चेहऱ्यांना देतो. बाहेरून येणाऱ्या रंगांच्या बाटल्यांत 'त्वचा' म्हणून जो रंग मिळतो तो गोऱ्या माणसाचा. माझ्या टेबलावर तो फार थोड्यांच्या कामाचा. शिंद्यांच्या पलटणींत अवधकडचे पुरबिये मोठ्या संख्येनं होते आणि कंपनीचे बहुतेक शिपाई मद्रास इलाख्यातले. म्हणून तपकिरी, पिवळी माती, थोडा लाल आणि अगदी टिपकाभर निळा असं मिसळून मी चार वेगवेगळ्या छटा केल्या. आधी गडद थर, त्यावर पातळ काळपट रंगाचा हात, तो डोळ्यांच्या खाचेत आणि मिशीखाली जाऊन बसतो. मग नाकाचा शेंडा, गालाचं हाड आणि हनुवटी एवढ्याच तीन ठिकाणी उजळ ठिपके. इतकंच केलं की ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोक्यावर माणूस दिसायला लागतो. कुणी थकलेला दिसतो, कुणी चिडलेला. मी ठरवून तसं केलेलं नसतं, पण एकदा दिसला की तो तसाच राहतो. एक गोलंदाज आहे, हातात तोफ ठासायचा गज, मान किंचित वळलेली. त्याच्या गालावरचा ठिपका जरा खाली उतरला आणि तो कुणाचं तरी बोलणं ऐकतोय असं वाटायला लागलं. मी तो पुसला नाही. पहिल्या तोफेवर कायम तोच असतो.

शिंद्यांच्या पलटणींना मी लाल डगला आणि निळं पागोटं दिलं आहे. कंपनीचे शिपाईही लालच. पहिल्यांदा दोन्ही रांगा समोरासमोर मांडल्या तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, यातले आपले कुठले?" मी पागोट्यांकडे बोट दाखवलं. पण ते सांगायला मला क्षणभर वेळ लागला होता, आणि तो क्षण मी विसरलेलो नाही.

पावसाळ्यानं एकदा फार छळलं. ऑगस्टमध्ये, बाहेर रिपरिप चालू असताना, मी घाईनं अठ्ठेचाळीस जणांवर मॅट वॉर्निशचा फवारा मारला. हवेतल्या दमटपणानं सगळ्यांवर पांढरट बुरशी चढल्यासारखं झालं. तीन आठवड्यांचं काम. दोन दिवस मी त्या ट्रेकडे पाहिलं नाही. मग ब्रशनं एकेकावर चकचकीत वॉर्निशचा हात दिला, तसा खालचा रंग पुन्हा वर आला. चकाकी घालवायला मॅटचा हात दिला तो थेट दिवाळीनंतर, कोरड्या थंडीत.

पायाखालची माती मात्र खरी असईची आहे. तिथे जाऊन आलो तेव्हा शिवारातली मूठभर काळी माती रुमालात बांधून आणली. वस्त्रगाळ केली, फेविकॉलवर भुरभुरली, सुकल्यावर कोरड्या ब्रशनं फिकट तपकिरी रंग वरच्यावर फिरवला. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यासाठी आम्ही भाऊ-बहिणी माती चाळायचो, अगदी तशी. तेव्हा बाजारातून आणलेल्या मावळ्यांचा रंग मला कधीच पटायचा नाही. मी वॉटरकलर घेऊन त्यांना परत रंगवायचो, आणि आई म्हणायची, "अरे, चार दिवसांचा तर किल्ला." मला वाटतं, माझा हा सगळा व्याप त्या ओट्यावरच सुरू झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. एकट्यानं कसं खेळायचं?

पाच बाय तीन फुटांच्या प्लायवर दोन्ही नद्या, असई गाव आणि मधली जमीन केली आहे. पत्त्यांचा एक कॅट पिसून ठेवतो. लाल पान निघालं तर कंपनीची एक तुकडी हलणार, काळं निघालं तर शिंद्यांची. जोकर निघाला की ती पाळी तिथेच संपली, मग कुणाचं काही व्हायचं राहिलं असेल तर राहिलं. त्यामुळे पुढे काय होणार हे मला माहीत नसतं. गोळीबार आणि हातघाई फाशांवर. आपल्याला हे पोरखेळ वाटेल, पण फासे टाकून लढाई समजून घ्यायची पद्धत प्रशियाच्या फौजेत होती. राईसविट्झ नावाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं बांधलेला खेळ तिथल्या सेनापतींनी १८२४ साली पाहिला आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. त्या खेळात दोन्ही बाजूंमध्ये एक पंच बसायचा. माझ्याकडे पंच नाही. त्याच्या जागी कागद आहे.

तो कागद असा. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. वाटाडे म्हणत होते इथे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, नाही, पण इतक्या जवळची दोन गावं उताराशिवाय असणार नाहीत असं त्यानं ताडलं आणि फौज तिथून पार नेली. तो शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला. शिंद्यांच्या पलटणींचा सरदार पोलमन, हॅनोव्हरचा. नदीकडे तोंड करून उभी असलेली अख्खी रांग त्यानं काटकोनात फिरवून वेलस्लीसमोर आणली. शंभर तोफांसकट, शत्रू डोळ्यांसमोर असताना. शिंद्यांची कवायत किती पक्की होती ते इथे दिसतं, आणि आपल्याकडे त्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं. पण पोलमननं दुसरं काही केलं असतं तर? निम्मी फौज उतारावरच अडवायला पाठवली असती तर? मागे सरून जुईपलीकडे उभा राहिला असता तर? प्रत्येक पाळीआधी मी पोलमनचे तीन पर्याय कागदावर लिहितो, प्रत्येकापुढे फाशाचे आकडे लिहितो, आणि मगच फासा उचलतो. लिहिल्याशिवाय फासा हातात घ्यायचा नाही, हा माझा पहिला नियम.

दुसरा नियम गोलंदाजांचा. त्या दिवशी कंपनीच्या पलटणी तोफांवरून पुढे निघून गेल्या, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा वळवून पाठीमागून मारा केला. म्हणून तोफ पडली तरी मी गोलंदाज उचलत नाही, आडवे करून ठेवतो. दर पाळीला त्यांच्यासाठी एक फासा. पाच किंवा सहा पडला की ते उठतात.

तिसरी गोष्ट नियमात बसवताना मला जड गेलं. कंपनीच्या उजव्या टोकाची तुकडी चुकून असई गावाच्या रोखानं गेली आणि तिच्यामागे चौऱ्याहत्तरावी स्कॉटिश पलटण गावाजवळच्या तोफांच्या तोंडी सापडली. पाचशेच्या आसपास माणसं होती, चारशेच्या आसपास मेली किंवा जखमी झाली. माझ्या टेबलावर ती पलटण म्हणजे बारा शिपाई. ते बाराजण मी तीन रात्री बसून रंगवले. लढाई जशी झाली तशी मांडली तर त्यातले दहा एका संध्याकाळी माझ्याच हातानं उचलून डब्यात ठेवावे लागतात. ते शत्रूचे आहेत. तरी हात जड होतो. दुसऱ्या कुणाबरोबर खेळत असतो तर मी त्या पाळीला टाळी वाजवली असती.

आणि मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच जवळपास आहे. माझा चौथा डाव. पहिले तीन कंपनीनं मारले होते. या वेळी काळी पानं लागोपाठ चार आली, गोलंदाज दोन ठिकाणी उठले, कंपनीचं घोडदळ चढाईत फुटलं आणि शिंद्यांची रांग हलली नाही. रात्रीचा एक वाजला होता. घरात सगळे झोपलेले. मी उठून उभा राहिलो, अंगावर काटा आला होता. मग सवयीप्रमाणे वहीत पाळी लिहायला बसलो आणि दिसलं, की दोन पाळ्यांआधी एका तोफेचा मारा मी मोजपट्टीनं दोन इंच जास्त धरला होता. त्याच माऱ्यात घोडदळाचे तीन स्वार पडले होते.

कुणी पाहिलं नव्हतं. कुणी पाहणारही नव्हतं. आणि मन सांगत होतं, दोनशे वर्षांनी एकदा तरी राहू दे. मी वही उघडून त्या पाळीपर्यंत मागे गेलो, तीन स्वार परत ठेवले, उठलेले गोलंदाज आडवे केले आणि तिथून पुन्हा खेळलो. पहाटे साडेतीनला शिंद्यांची रांग डावीकडून फुटली. तोफांजवळ मात्र शेवटपर्यंत माणसं होती, जशी त्या दिवशीही होती. वेलस्लीला त्या संध्याकाळी ९८ तोफा मिळाल्या आणि त्यासाठी त्यानं पंधराशेवर माणसं मृत, जखमी, बेपत्ता अशी गमावली, म्हणजे आपल्या कवायती फौजेचा तिसरा हिस्सा.

ती रांग मी जिंकवली असती तर मला असई कळली नसती, फक्त माझी इच्छा कळली असती. ती मला आधीपासून माहीत आहे. एकट्यानं खेळताना दोन्ही बाजूंना सारखंच खरं वागवावं लागतं, कारण ओरडणारं कुणी समोर नसतं. त्यात मला जे मिळतं ते जिंकण्यापेक्षा मोठं आहे.

सध्या सहावा डाव चालू आहे. पाचवी पाळी अर्ध्यावर आहे आणि प्लाय दिवाणाखाली सरकवून ठेवला आहे, वर जुनी चादर. त्या ऐकणाऱ्या गोलंदाजाची तोफ अजून शाबूत आहे. एकट्याच्या खेळाची ही सोय मोठी, समोरच्याची वेळ सांभाळावी लागत नाही. पण एक अडचणही आहे: पोलमनचे तिन्ही पर्याय मीच लिहितो, त्यामुळे मला न सुचलेलं काही त्याला कधीच सुचत नाही. तेव्हा मावशी, पुढच्या महिन्यात तुम्ही नाशिकला येणार आहात असं कळलं. एखादी दुपार राखून ठेवा. नियम दहा मिनिटांत सांगतो. कागद तुम्ही लिहा, आणि मला दाखवू नका.