तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळला करंज्या कशाला?

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. ऑफिसात येतो, भाजीच्या गाडीपाशी येतो, मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या की त्याही विचारतात, “काकू, तुमच्यात नाताळला केक असतो ना? मग करंज्या, चकल्या, चिवडा कशाला? तो तर दिवाळीचा फराळ.” विचारणाऱ्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आमच्या नाताळाला फराळच असतो. केकही असतो, पण ताटात मान करंजीचा. नगर-सोलापूरकडच्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांत हेच दिसेल. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली, 1831 मध्ये नगरला आली आणि पुढे त्यांचं काम सोलापुरापर्यंत पोचलं. ख्रिस्ती झाली ती माणसं मात्र इथलीच, याच मातीतली. सणाला काय रांधायचं हे त्यांच्या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. घरात चूल होती, कढई होती, झारा होता. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही ते अभंग-भजनंच लिहीत राहिले. ती भजनं आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो. गाणं मराठी आणि खाणं तेवढं विलायती, असं कसं चालेल?

पण आमच्या घरापुरतं विचाराल तर खरं कारण वेगळं आहे, आणि ते सासूबाईंनी घालून दिलेलं आहे.

नाताळाच्या आधी त्या सगळ्यांना जेवणानंतर बसवून घेतात आणि विचारतात, “या वर्षी आपल्यावर कुणाकुणाचे उपकार झाले?” मग एकेक नाव निघतं. मामंजींना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा स्वतःची रिक्षा काढून दवाखान्यात नेणारे शेजारचे चाचा. मुलीला दहावीचं गणित फुकट शिकवणाऱ्या बाई. पाणी आलं की आधी आमच्या दारावर थाप मारणारी समोरची पद्मशाली आजी. (सोलापुरात पाणी रोज येत नाही. नळ आल्याचं वेळेवर कळणं म्हणजे काय, हे सोलापूरकरालाच कळेल.) सासूबाई ही नावं वहीत लिहून घेतात आणि फराळाची ताटं त्या यादीप्रमाणे जातात. नातेवाइकांचा नंबर त्यानंतर. आभार मनातल्या मनात मानून भागत नाहीत, त्या माणसाच्या दारात जाऊन मानायचे, असं त्यांचं ठाम मत आहे. आता ते माझंही आहे.

आता सांगा, असं ताट केकचं कसं होईल? यादीतली निम्मी घरं अंडं न खाणारी. आमच्या गल्लीत लिंगायत कुटुंबं आहेत, त्यांच्या घरी मी अंड्याचा केक कुठल्या तोंडानं नेऊ? करंजी सगळ्यांना चालते. त्यासाठी तेलही नवं काढतो, मटणाच्या भांड्यांपासून लांब, वेगळ्या कढईत तळतो, आणि ताट देताना तसं सांगतो. मार्गशीर्षातला गुरुवार आला आणि समोरच्या वहिनींचा उपास असला तर त्यांचं ताट दुसऱ्या दिवशी. समोरच्याला निश्चिंतपणे खाता आलं नाही, तर त्या ताटाला काय अर्थ आहे?

आमच्या करंजीचं सारणही अगदी दिवाळीसारखं नसतं. सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर असतेच, पण त्यात भाजलेल्या शेंगांचं भरड कूट आणि तीळ पडतात. सोलापूरच्या घरात शेंगा नाहीत असं पक्वान्न शोधूनच काढावं लागेल. कूट फार बारीक केलं तर तेल सुटतं आणि सारण गोळा होतं, म्हणून ते खलबत्त्यातच.

केकबद्दल लिहिलं नाही तर मुलं रागावतील. काळ्या मनुका आणि टुटीफ्रुटी संत्र्याच्या रसात आधीच भिजत पडलेल्या असतात. केकला रंग येतो तो करपवलेल्या साखरेचा. जाड बुडाच्या पातेल्यात नुसती साखर मंद आचेवर ठेवायची. ती कडेनं विरघळते, मधासारखी होते, मग तांबडी, मग काळपट. धूर दिसू लागला की आच बंद करायची आणि गरम पाणी अगदी बेताबेतानं सोडायचं. ते फसफसून वर येतं, म्हणून तेव्हा मुलांना स्वयंपाकघरात उभं करत नाही. चव किंचित कडसर लागली पाहिजे, तरच केक गोडमिट्ट लागत नाही.

घरी ओव्हन आहे, तरी मोठा केक बेकरीच्या भट्टीतच जातो. पाव निघाल्यावर भट्टीची धग उतरते, तेव्हा घरोघरचे ॲल्युमिनियमचे डबे आत सरकवतात. अदलाबदल होऊ नये म्हणून सासूबाईंच्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं ‘म’ कोरलेला आहे. भट्टीतल्या केकला वरून जी तांबूस साल धरते, ती घरच्या ओव्हनमध्ये येत नाही म्हणजे नाहीच. डबा घेऊन गल्लीत शिरलं की कुणीतरी हाक मारतंच, “केकचा वास यालाय ओ काकू!”

चोवीसच्या रात्री कॅरल म्हणणारी तरुण मंडळी येतात, त्यांना चहा-चिवडा. पंचवीसला सकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भक्ती, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाचं वाचन, पाळकसाहेबांचा संदेश, मग सगळ्यांना सलाम करत घरी. दुपारी मटण आणि ज्वारीची भाकरी. संध्याकाळी ताटं पोचवून आलो की घरची प्रार्थना होते, आणि तिथं सासूबाई दरवर्षी लूकचाच सतरावा अध्याय काढतात. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, आभार मानायला परत आला तो एकटाच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. वाचून झालं की प्रत्येकानं एकेका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे. सासूबाई सुरुवात करतात ती उजनीच्या पाण्यापासून. धरण भरलं नाही त्या वर्षीही त्यांनी जेवढं आलं तेवढ्याचे आभार मानले, आणि आम्ही सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं.

आमची ताटं रिकामी परत येत नाहीत. चाचांकडून खजूर येतात, आजींकडून मूठभर साखर, आणि लिंगायत वहिनी तर ताटच ठेवून घेतात. ते परत येतं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत, संक्रांतीला, वर शेंगापोळ्या आणि तीळगूळ घेऊन.

तर या यंदा. पंचवीसला दुपारनंतर आम्ही घरीच असतो. अंडं चालत नसेल तर आधी कळवा, बिनअंड्याचा छोटा केक वेगळा करून ठेवीन.