बिऱ्हाड न नेले

मी इंदुरात मोडी वाचून देतो. येतात ती बहुतेक खरेदीखतं, गहाणखतं. गेल्या पावसाळ्यात मात्र रामबागेतल्या एक काकू फडक्यात बांधलेली वही घेऊन आल्या. त्यांचे आजेसासरे होळकर सरकारात कारकून होते. ही त्यांची १९४८ ची रोजनिशी. घराच्या वाटणीचा दावा चालू होता. समोरचे म्हणत होते, आजोबांनी त्याच साली बिऱ्हाड ग्वाल्हेरला हलवलं आणि घर धाकट्या भावाला सोडलं.

"एवढंच सांगा भाऊ, हलवलं का?"

पान सापडलं. मोडीत आधी आडवी ओळ आखतात, मग लेखणी फारशी न उचलता तिच्याखाली अक्षरं. शब्द तोडत नाहीत. तिथे होतं, 'ग्वाल्हेरीसगेलोबिऱ्हाडनेले'. मी तसंच वाचून दाखवलं. काकू काही बोलल्या नाहीत, फडक्याला गाठ मारू लागल्या. पण 'नेले'च्या आधी शाई फुटली होती. ते मला टोचत राहिलं. वही दोन दिवस ठेवून घेतली.

एक ओळ अडली तर सगळी वही वाचावी, हात ओळखीचा होतो. ३० जानेवारी, शुक्रवार: 'गांधीजी गेले. चूल पेटविली नाही.' २८ मे, पुन्हा शुक्रवार: 'आजपासून मध्य भारत. नेहरू ग्वाल्हेरीस.' वीसहून अधिक संस्थानं एक झाली, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि आमचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. याबद्दल वहीत अक्षर नाही. पानंच्या पानं घोर एकच, कचेरी कुठे जाणार? कारण राजधानी दोन्हीकडे ठरली, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. दप्तरं पेट्यांत भरायची आणि माणसांनी मागोमाग जायचं. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली तेव्हा ही ये-जा संपली. मुलांची शाळा, आईला तिकडची थंडी सोसेल का, हे त्या माणसाने किती वेळा लिहिलंय! विलीनीकरणावर मी बरंच वाचलं होतं, पण ते कुणाच्या घरात कसं शिरलं हे या वहीने दाखवलं.

मग डिसेंबर. 'घरी मनिऑर्डर रु. ३५. बाळीस खोकला, पत्र नाही.'

बिऱ्हाड सोबत असतं तर मनिऑर्डर कुणाला?

मागचं पान उन्हात धरलं, भिंग लावलं. डागाखालून आणखी एका 'न'ची कड दिसली. बिऱ्हाड न नेले.

लिप्यंतरात मी डाग नोंदवला, माझं पहिलं वाचन नोंदवलं आणि ते का बदललं तेही लिहिलं. पुढचं कोर्ट पाहील. दावा अजून चालू आहे.

काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी घराचं विचारलंच नाही. "बाळी म्हणजे आमच्या आतेसासूबाई. मागच्या वर्षी गेल्या." थोडं थांबून म्हणाल्या, "ती खोकल्याची ओळ परत वाचता?"

मी वाचली. मग अजून एकदा वाचली.